रिकामी दिसणारी मार्गिका

मोटारीविषयी मत नाही असा मनुष्य महाराष्ट्राच्या शहरांत आता शोधूनही सापडणार नाही. शिक्षकांच्या खोलीत, कचेरीच्या उपाहारगृहात किंवा लग्नाच्या पंगतीत विषय कोणताही निघो, अर्ध्या तासात तो मोटारीवर येऊन ठेपतो. गिअर हाताने बदलावा की यंत्राने, गाडी पेट्रोलची घ्यावी की विजेची, छपराला काच हवी की नको, कोणत्या गाडीला सुरक्षिततेचे पाच तारे मिळाले आणि कोणती तीनावर अडकली, या प्रश्नांवर आज जी हिरीरी दिसते ती एके काळी नाटक आणि राजकारण यांच्या वाट्याला येत असे. यात वावगे काही नाही. कर्ज काढून हौसेने घेतलेल्या वस्तूविषयी माणूस बोलणारच. तथापि या साऱ्या मतांत एक साम्य आहे, ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ही मते मोटारीच्या आत बसून, समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहत बनलेली असतात. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील शंभर कुटुंबांपैकी जेमतेम आठ कुटुंबांकडे मोटार होती. शहरांत हे प्रमाण अधिक आहे, आणि पाहणीनंतर ते वाढलेही असेल. तरीही काचेबाहेरचे लोक बहुसंख्य आहेत. मते मात्र काचेच्या आतली ऐकू येतात आणि धोरणेही त्यांच्याच मागून चालत येतात.

हे असेच नेहमी होते असे नाही. पन्नास वर्षांपूर्वी मोटार म्हणजे फियाट किंवा अँबॅसडर, आणि मध्यमवर्गाच्या आकांक्षेची सीमा स्कूटरपाशी संपत असे. त्या स्कूटरसाठीही नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. मुलगा प्राथमिक शाळेत असताना नोंदविलेली चेतक तो मॅट्रिक होईतो दारात येई. ही टंचाई नैसर्गिक नव्हती. परवान्यांच्या पद्धतीने ती मुद्दाम पोसली होती. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली, १९९१ नंतर उरलीसुरली कुंपणे गेली, आणि आता देशात वर्षाला चाळीस लाखांहून अधिक मोटारी विकल्या जातात. त्या जुन्या टंचाईचे गोडवे गाण्याचे काहीच कारण नाही. वस्तू मुबलक झाली, तिची गुणवत्ता सुधारली, पसंतीला वाव मिळाला हे चांगलेच झाले. प्रश्न आहे तो एवढाच, की कारखान्यातून मोटारी हव्या तितक्या काढता येतात, रस्ता मात्र तसा काढता येत नाही. मोटार आणि रस्ता या जोडीतील एक वस्तू बाजारात विकत मिळते, दुसरी सर्वांची सामाईक आहे. जी सामाईक आहे तिच्या वाटपाविषयी मोटारीच्या चर्चेत कोणी बोलत नाही.

यंत्राविषयीच्या मतांकडे फार वेळ थांबण्याचे कारण नाही. ती बहुतांशी निरुपद्रवी आहेत, आणि काळाच्या ओघात कोणाचे तरी खरे ठरते. गाडीतील साधी बटणे काढून सारा कारभार काचेच्या पडद्यावर नेणे ही आधुनिकता आहे, असे काही वर्षांपूर्वी मानले गेले. आता युरोपातील सुरक्षा-चाचणी संस्थेने २०२६ पासून उच्च गुणांसाठी भोंगा, वायपर, वळणाचे दिवे यांना हाताला लागणारी बटणे हवीत अशी अट घातली आहे. थोडक्यात, ज्याला जुन्या वळणाचा म्हणून हसत होते त्या चालकाचेच बरोबर निघाले.

सुरक्षिततेची गोष्ट वेगळी आहे. तेथे आत आणि बाहेर यांतील भेद जिवावर बेततो. व्होल्वो कंपनीतील नील्स बोलिन या अभियंत्याने १९५९ मध्ये तीन ठिकाणी अडकवण्याचा पट्टा तयार केला आणि कंपनीने त्याचे पेटंट इतरांना खुले ठेवले. तेव्हापासून गाडीच्या आतील माणसाला वाचविण्याची विद्या सतत पुढे गेली आहे. भारतातही ऑगस्ट २०२३ मध्ये स्वतंत्र चाचणी-व्यवस्था जाहीर झाली आणि तारे मोजण्याची सवय ग्राहकाला लागली. पण मरते कोण? केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीवरील सुमारे ४४ टक्के आणि पायी चालणारे सुमारे १९ टक्के होते. मोटारी व तत्सम हलक्या वाहनांतील लोकांचे प्रमाण बारा टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे तारे ज्यांच्यासाठी मोजले जातात ते आतले लोक मृतांत थोडे, आणि ज्यांना ताऱ्यांचा काहीच उपयोग नाही ते निम्म्याहून पुष्कळ अधिक. दुचाकीस्वारही या बाबतीत अगदी निर्दोष आहेत असे नाही. त्याच वर्षी हेल्मेट न घातलेले पन्नास हजारांवर दुचाकीस्वार मेले, आणि तरीही १ जानेवारी २०१९ पासून पुण्यात हेल्मेटसक्तीचा अंमल सुरू झाला तेव्हा तिच्याविरुद्ध निदर्शने झाली. पण हेल्मेट घालणे निदान स्वतःच्या हाती असते. पदपथ नसलेल्या रस्त्यावरून शाळेत जाणाऱ्या मुलाच्या हाती काय असते?

आता ज्या मताने सर्वांत अधिक नुकसान केले त्याकडे वळावयास हवे. हे मत पुण्यात हमखास ऐकू येते, आणि सुशिक्षित माणसे ते सद्हेतूने मांडतात. बससाठी राखलेली मार्गिका रिकामी पडलेली असते आणि शेजारी मोटारींची रांग लागलेली असते. ही उधळपट्टी नव्हे काय? काचेतून पाहिले तर दृश्य खरोखरच असे दिसते. म्हणून ते तपासून पाहणे अगत्याचे आहे.

गणित सोपे आहे. चौकाचौकांतील सिग्नल जमेस धरले तर शहरी रस्त्याच्या एका मार्गिकेतून तासाला सातशे-आठशे मोटारी पुढे सरकल्या तर पुष्कळ झाले. एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर तासाला हजार-बाराशे माणसे पुढे जातात. त्याच मार्गिकेतून मिनिटाला एक बस गेली आणि बसमध्ये पन्नास माणसे असली तर तीन हजार माणसे जातात. दोन मिनिटांना एक बस गेली तरी दीड हजार. आता बस एखाद्या जागेवरून पुढे सरकण्यास दोन-तीन सेकंद घेते. उरलेली सत्तावन सेकंदे मार्गिका मोकळी दिसणार. ती मोकळी दिसते याचे कारण ती आपले काम चोख करीत असते. शेजारची भरलेली दिसते याचे कारण तिचे काम तुंबलेले असते. दोन लोकलगाड्यांच्या मधल्या वेळात रेल्वेचे रूळही रिकामे असतात. त्यांवरून मोटारी सोडाव्यात असे मुंबईत अद्याप कोणी सुचविलेले नाही.

पुण्याने डिसेंबर २००६ मध्ये कात्रज, स्वारगेट आणि हडपसर या पट्ट्यात असा प्रयोग केला. देशातील तो पहिला. ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९७४ मध्ये आणि कोलंबियाच्या बोगोटाने २००० मध्ये जी व्यवस्था उभी केली तिचे हे देशी रूप होते. ते सदोष होते हे कबूल केले पाहिजे. थांबे रस्त्याच्या मध्ये आणि तेथे सुखरूप पोहोचण्याची सोय अपुरी. मार्गिकेत खासगी वाहने बेधडक घुसत. आणि मुख्य म्हणजे बसगाड्याच पुरेशा नव्हत्या. रिकाम्या मार्गिकेच्या तक्रारीत तथ्याचा जो अंश होता तो एवढाच. त्यावर उपाय बसगाड्या वाढविणे हा होता. नगर रस्त्यावर २०१६ मध्ये सुरू झालेल्या मार्गाच्या बाबतीत मात्र उलट घडले: २०२३ पासून तो टप्प्याटप्प्याने उखडण्यात आला. दिल्लीत २००८ मध्ये सुरू झालेल्या मार्गाची तीच गत झाली. तेथे मार्गिका रद्द करण्याची मागणी उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फेटाळली होती, पण मोटारवाल्यांच्या नाराजीपुढे राज्य सरकारचा टिकाव लागला नाही आणि २०१५ मध्ये ती मोडण्याचा निर्णय झाला. पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत असे मार्ग २०१५ पासून चालू राहिले. दोन शेजारी शहरे, एकच बससेवा, आणि अनुभव मात्र दोन तऱ्हांचा. याचा अभ्यास व्हावयास हवा होता.

मार्गिका उखडून मोटारींना जागा दिली म्हणजे कोंडी सुटते काय? अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच याचे उत्तर देऊन ठेवले आहे. शहरातील रस्ता रुंद केला की गर्दीच्या वेळी इतर रस्त्यांवरून, इतर वेळांतून आणि इतर वाहनांतून माणसे तेथे येतात, आणि कोंडी पूर्वीच्याच पातळीवर जाऊन ठेपते. बस सोडून दुचाकी, दुचाकी सोडून मोटार घेणारा प्रत्येक जण स्वतःपुरता शहाणपणाचा निर्णय घेतो. त्या निर्णयाने बस आणखी हळू होते, तिची फेरी कमी होते, उत्पन्न घटते, आणि थांब्यावर उभ्या असलेल्या पुढच्या माणसाला तोच निर्णय घेणे भाग पडते. पुण्यात २०१८ मध्ये नोंदलेल्या वाहनांची संख्या छत्तीस लाखांवर गेल्याची आणि ती लोकसंख्येहून अधिक असल्याची बातमी आली होती. नोंदवही भंगारात गेलेली वाहने सहसा वजा करीत नाही, हे लक्षात घेऊन तो आकडा थोडा कमी मानावा. सायकलींचे शहर म्हणून ज्याची ख्याती होती त्या गावाचा प्रवास कोणत्या दिशेने झाला हे मात्र त्यातून स्वच्छ दिसते.

मोटार घेणाऱ्याला दोष देऊन भागत नाही. आईवडील वृद्ध आहेत, रात्री-अपरात्री दवाखाना गाठावा लागतो. घर भाडे परवडते म्हणून शहराबाहेर घेतलेले आहे. मुलगी शिकवणीहून नऊ वाजता परतते. यांतील एकही कारण चैनीचे नाही. तरीही ही सोय किती महाग पडते याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. इव्हान इलिच या विचारवंताने १९७४ मध्ये अमेरिकन माणसाविषयी असा हिशेब केला होता. मोटारीत बसण्यात आणि तिच्यासाठी पैसे मिळविण्यात जाणारा सारा वेळ धरला तर त्याचा वेग ताशी पाच मैलांहूनही कमी पडतो, असे त्याचे उत्तर आले. तीच रीत येथील एखाद्या शिक्षकाला लावून पाहावी. हाती पडणारा पगार ऐंशी हजार, आठ लाखांचे सात वर्षांचे कर्ज, व्याज नऊ टक्के असे धरले तर मासिक हप्ता सुमारे तेरा हजार होतो. महिन्याला सहाशे किलोमीटर धावण्यासाठी चार हजारांचे पेट्रोल, विमा व दुरुस्तीचे तीन हजार. एकूण वीस हजार, म्हणजे पगाराचा चौथा हिस्सा. महिन्याचे कामाचे तास एकशे ऐंशी धरले तर त्यांतील पंचेचाळीस तास तो मोटारीसाठी काम करतो. शहरी वेग ताशी वीस किलोमीटर असेल तर आणखी तीस तास सुकाणूमागे जातात. पंचाहत्तर तासांत सहाशे किलोमीटर, म्हणजे ताशी आठ किलोमीटर. सायकल याहून जलद जाते. हा हिशेब पटलेला मनुष्यही मोटार घेईल, कारण पावसात सायकलवर आईला दवाखान्यात नेता येत नाही. त्याला मोटार स्वस्त पडत नाही. तिच्यावाचून निभाव लागत नाही एवढेच. ही अगतिकता कोणी निर्माण केली, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर गेल्या काही वर्षांतील निर्णयांत सापडते. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवरील पथकर मोटारींसाठी रद्द करण्यात आला. मोटारवाल्यांचे फेरीमागे पंचेचाळीस रुपये वाचले. जानेवारी २०२५ मध्ये एसटीच्या भाड्यात १४.९५ टक्के वाढ झाली. मे २०२५ मध्ये बेस्टचे किमान भाडे पाचाचे दहा झाले, म्हणजे दुप्पट. जूनपासून पुण्याच्या पीएमपीनेही दर वाढविले. ऑगस्टमध्ये अटल सेतूवर विजेच्या मोटारींना पथकर माफ झाला. सप्टेंबरात छोट्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. बसगाड्यांनाही ती सवलत मिळाली हे नमूद केले पाहिजे. महिलांना एसटीत मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहे, विद्यार्थ्यांना पासात सवलत आहे, हेही खरे. तरीही हे निर्णय ओळीने वाचले म्हणजे त्यांमागची वृत्ती लपत नाही. पथकर माफ केला म्हणून पुलांचा खर्च नाहीसा होत नाही. तो फक्त दुसऱ्या खात्यावर जातो. बसचे भाडे वाढविताना संस्था तोट्यात असल्याचे कारण दिले जाते. बेस्टचा ताफा एके काळी चार हजारांवर होता, तो २०२५ मध्ये तीन हजारांच्या खाली आला. तोटा बसचा मोजतात, रस्त्याचा कोणी मोजत नाही, कारण रस्त्याकडून तिकीटच घेतले जात नाही.

“आम्ही रस्ता कर भरतो” हे वाक्य यावर हमखास येते. मोटारवाला कर भरतो हे खरेच आहे. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर महाराष्ट्रात किंमतीच्या अकरा टक्के कर एकदाच घेतला जातो. सात लाखांच्या गाडीवर तो सत्त्याहत्तर हजार होतो; पंधरा वर्षांवर वाटला तर दिवसाला चौदा रुपये. बेस्टने एकदा जाऊन परत येण्याचे किमान भाडे वीस रुपये आहे. पेट्रोलवरील कर भरघोस आहे यात शंका नाही. पण तो चालण्यावरचा कर आहे, आणि वरच्या हिशेबातील शिक्षकाची मोटार दिवसातून एक तास चालते आणि तेवीस तास उभी असते. उभी असताना ती सुमारे एकशे पस्तीस चौरस फूट जागा अडविते. घरासमोर स्वतःच्या आवारात ती उभी असेल तर कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. पण निम्म्या गाड्या सार्वजनिक रस्त्यावर असतात अशी जेथे स्थिती आहे, तेथे एक विलक्षण न्याय दिसतो. वीस चौरस फुटांत टोपली मांडून बसलेल्या भाजीवालीकडे २०१४ च्या पथविक्रेता कायद्यान्वये प्रमाणपत्र असावे लागते, तिला शुल्क द्यावे लागते, आणि तरीही तिला अतिक्रमण म्हणतात. तिच्या सातपट जागा फुकट अडविणाऱ्या मोटारीला पार्किंग म्हणतात. अमेरिकेत डोनाल्ड शूप यांनी २००५ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की फुकट वाहनतळ फुकट नसतो; त्याचे पैसे मोटार नसलेलेही देत असतात. विजेच्या मोटारीने यात फरक पडत नाही. तिला धूर नाही हा मोठाच लाभ, पण जागा तिला तेवढीच लागते.

पुणे महापालिकेने २०१८ मध्ये रस्त्यावरील वाहनतळासाठी शुल्क आकारण्याचे धोरण आखले होते. त्यावर इतका गहजब झाला की मोजक्या रस्त्यांपुरतेच ते मान्य झाले, आणि पुढे अंमलही रेंगाळला. त्या विरोधात जवळजवळ सर्व पक्ष एकत्र आले होते. बसच्या भाडेवाढीविरुद्ध असे ऐक्य क्वचितच दिसते. याचे कारण पक्षांत शोधण्यापेक्षा शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या संघटनांच्या मागणीपत्रांत शोधावे. त्यांत वाहतूक भत्ता असतो, वाहन कर्जाची मर्यादा वाढवून हवी असते. शाळा व कचेरी सुटण्याच्या वेळी दर पाच मिनिटांना बस हवी, ही मागणी त्यांत सहसा नसते. ज्यांचा आवाज मंत्रालयापर्यंत पोहोचतो तो वर्ग एकेक करून बसमधून उतरला आणि बसची बाजू मांडणारे कोणी उरले नाही. मागे राहिले ते घरकाम करणाऱ्या बाया, रोजंदारीवरचे कामगार आणि महाविद्यालयातील मुलेमुली.

२०१८ चे धोरण अद्याप महापालिकेच्या दप्तरात आहे. सारे शहर एकदम हाती घेण्याची गरज नाही. मध्यवर्ती भागातील एका रस्त्यावर वर्षभर तासाला योग्य शुल्क घ्यावे, जमा झालेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून ती त्याच रस्त्यावरील बससेवेला द्यावी, आणि दर महिन्याला किती पैसे आले व किती फेऱ्या वाढल्या हे थांब्यावरच्या फलकावर लिहावे. त्यानंतर ती मार्गिका रिकामी आहे की भरलेली, हे मोटारवाल्याने काचेतून पाहावे आणि थांब्यावरच्याने फलकावर वाचावे. मत तेव्हा बनवावे.